बसा म्हणणाऱ्यांच्या मुलखात

वऱ्हाडात माणसाला उभं राहू देत नाहीत. चप्पल काढायच्या आत 'बसा न जी' सुरू होतं. खुर्ची नसली तर खाट ओढतील, खाट नसली तर सतरंजी अंथरतील, आणि शेतात असलात तर पोतं झटकून टाकतील, पण बसवतील. आम्ही कोल्हापूरचे लोक दारात उभ्या उभ्या तासभर गप्पा हाणतो आणि निघताना म्हणतो, 'अहो, आत तरी यायचं.' त्यातून मी एसटीचा कंडक्टर. सारी नोकरी उभ्यानं झाली. त्यामुळं या मुलखात पहिले दोन दिवस मी नुसता बसत होतो.

परत आल्यावर आमच्या रिटायर लोकांच्या कट्ट्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, 'ऊन कसं होतं?' ऊन नव्हतंच, हिवाळा होता. सकाळी स्वेटर लागत होता. वऱ्हाड म्हटलं की यांना ऊनच आठवतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

अकोला

माझी मुलगी शुभांगी सर्जन आहे. हे मी गाडीत समोरच्या बाकावरच्या कुटुंबाला सांगितलं, वरच्या बर्थवरच्या पोराला सांगितलं, टीसीलाही सांगितलं. त्यानं फक्त तिकीट मागितलं होतं. कंडक्टरच्या पोरीनं सर्जन व्हावं याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कुणाच्या बापाला भिऊन लपवणार नाही.

शुभांगीचं सासर अकोल्याचं, नवा दवाखाना अमरावतीला. आठवड्यातून एकदा ती एका मैत्रिणीच्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करायला अकोल्याला येते. म्हणून मी आधी अकोल्याला उतरलो. स्टेशनवर व्याही आले होते. इंगळे गुरुजी, रिटायर हेडमास्तर. 'जयभीम इवाई, या,' म्हणून त्यांनी माझी बॅग हिसकावूनच घेतली आणि घरी पोचल्यावर अर्थातच, 'बसा न जी.'

जेवायला हिरव्या मिरच्यांची भाजी होती. विहीणबाई म्हणाल्या, 'तिखट हाय बरं, जरा जपून.' मी म्हटलं, 'आम्ही कोल्हापूरचे. तिखटाचं आम्हाला काय सांगता?' पहिला घास गेला. आमच्याकडचं तिखट रश्श्यात विरघळून येतं, इथं मिरची अख्खी समोर बसते आणि भाजी म्हणून तिचंच नाव सांगते. दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. गुरुजी शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, 'पाणी पिऊ नका, अजून झोंबते. दही घ्या.' वाटीभर दही माझ्या ताटाशेजारी आधीच ठेवलेलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शुभांगीबरोबर हॉस्पिटलात गेलो. लेक काम करताना बघायची हौस. तिनं मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. बाकडी रिकामी होती, आणि एक तिशीतला धट्टाकट्टा माणूस खांबाला टेकून उभा होता. त्याची बायको बाकावर बसलेली. नर्स येता-जाता म्हणत होती, 'बसा न भाऊ,' आणि तो म्हणत होता, 'बसूनच आलो जी एवढ्या दूर.' उभ्या माणसावर नजर ठेवणं हाच माझा धंदा. जो माणूस बसायला जागा असून बसत नाही, त्याचं काहीतरी कारण असतं.

'ड्रायव्हर का?' मी विचारलं.

'हाव जी. काळीपिवळी जीप हाय माझी, पॅसेंजरची. तिवसा-अमरावती.'

'मग दवाखान्याला अकोल्याला कशाला? अमरावती दारात असताना?'

त्यानं इकडंतिकडं बघितलं. 'तिकडं सारेच ओळखते न काकाजी.'

नाव विनोद. बायकोचं नाव रेखा. त्याला झालं होतं ते सांगायला तो लाजत होता, पण मी लाजत नाही. माकडहाडाच्या खाली, ढुंगणाच्या घडीत, केस कातडीत उलटे शिरतात. आत त्यांची गुंडाळी होते, गळू येतं, फुटतं, परत भरतं. बारीक छिद्रं पडतात आणि त्यातून पू येत राहतो. याला डॉक्टर लोक पायलोनायडल सायनस म्हणतात. मला वाटायचं सायनस फक्त नाकाचा असतो. दिवसभर सीटवर घासणाऱ्या ड्रायव्हर लोकांना हे फार होतं. आमच्या डेपोतल्या शामराव ड्रायव्हरला झालं होतं.

आता माझं तोंड. शामरावचं नाव निघालं आणि मी सुरू झालो. शामरावचं कसं मोठं ऑपरेशन झालं, कसा मुठीएवढा खड्डा पडला, कसा तो दोन महिने पालथा पडून होता, बायको कशी रोज पट्टी बदलायची, आणि कसा अखेर मुळासकट निघाला तो रोग. रेखा टक लावून ऐकत होती. 'मुळासकट' म्हटल्यावर तिनं मान हलवली. त्यांचा नंबर आला, ते आत गेले, आणि थोड्या वेळानं आतून शुभांगीचा आवाज आला, 'आप्पा, जरा आत या.'

तो आवाज मी ओळखतो. तिच्या आईचा आहे.

'यांना काय सांगितलंत तुम्ही?' ती म्हणाली. 'या म्हणतात लहान ऑपरेशन नको, मोठंच करा. काकाजींनी सांगितलं.'

रेखा म्हणाली, 'मॅडम, एकडाव काय ते मुळापासून काढून टाका न. लहान करसान अन् परत होईन.'

शुभांगी रागावून काही तोडून बोलली नाही. रेखासाठी खुर्ची पुढं ओढली. विनोदला बस म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं. ती सुद्धा उभी राहिली आणि सांगायला लागली. जुनी पद्धत म्हणजे तो सगळा भाग खोलवर कापून काढायचा. जखम मोठी, खालून भरत वर येते, आठवडेच्या आठवडे जातात, रोज पट्टी, गाडी चालवणं बंद. दुसरी पद्धत म्हणजे जिथं छिद्रं आहेत तेवढंच कोरून काढायचं, आतले केस साफ करायचे. तेवढीच जागा बधिर करायची, संध्याकाळी घरी.

'मंग मोठं काहून करते कोणी?' विनोदनं विचारलं.

'कारण लहान केल्यावर परत व्हायची भीती जास्त असते. ते मी लपवणार नाही. पण मोठं केलं म्हणजे परत होतच नाही, असंही नाही. केस तर उगवत राहणारच.' मग तिनंच विचारलं, 'तुमच्या ट्यूबला एका जागी पंक्चर झालं तर काय करता?'

'काढतो पंक्चर.'

'आणि चार जागी फाटली तर?'

'फेकतो जी.'

'सकाळी एक ट्रॅक्टरवाले येऊन गेले. त्यांच्या आत चार फाटे आहेत, त्यांना मी मोठंच सांगितलं. तुमची दोनच छिद्रं, ती पण शेजारी शेजारी. तुम्हाला मोठं केलं तर आजारापेक्षा इलाज मोठा होईल. परत झालंच तर मी आहे, तेव्हा बघू.'

मग विनोदच्या पोटातलं बाहेर आलं. तो त्याच्या गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. पुढच्या महिन्यात मोझरीला, राष्ट्रसंतांच्या आश्रमात, खंजिरी भजनाची स्पर्धा होती. गाडी तेवढी एका बाजूला कलून, दातओठ खाऊन चालवायचा, पण वर्षभरात तो ना पेटीवर बसला होता, ना कुणाच्या घरी. कुणी बसा म्हटलं की काहीतरी थाप मारून निघायचं. 'गावात म्हणते, विन्यानं गाडी घेतली तं त्याले ताठा आला. आता काय सांगू मॅडम, कुठं दुखून राहिलं ते?'

'मोझरीला तुम्ही मांडी घालून बसाल,' शुभांगी म्हणाली.

इतका वेळ तोलून मापून बोलणारी माझी लेक, आणि अखेरीस शब्द देऊन बसली. काळीपिवळीवाल्याला दिलेला शब्द म्हणजे तिवश्यापासून अमरावतीपर्यंत प्रत्येक थांब्यावर पोचणार. हा माणूस मोझरीला उभाच राहिला तर नवीन आलेल्या बाईमाणसाच्या दवाखान्याचं काय होईल?

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, 'आप्पा, यापुढं माझ्या पेशंटला तुम्ही तिकीट फाडायचं नाही.'

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मी गेटसमोरच्या टपरीवर चहा, मग बटाटा भरून तळलेला आलुपोंगा, मग परत चहा घेतला, तोवर विनोद आपल्या पायांनी चालत बाहेर आला. शुभांगीला विचारलं, जखम केवढी? तिनं करंगळीचं पेर दाखवलं. मला कसंतरीच झालं. एवढं शिकवलं, एवढ्या परीक्षा दिल्या, आणि कापलं एवढुसं. हे मी तिला बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. ती हसली आणि म्हणाली, 'कमी कापायला जास्त शिकावं लागतं, आप्पा.'

अमरावती

अकोल्याहून अमरावतीचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना काळी जमीन, कुठं फुटलेला कापूस, कुठं पिवळ्या फुलांची तूर. आमच्याकडं उसात शिरलं की माणूस दिसत नाही. इथं लांबवर एकटी बाई वेचणी करताना दिसते आणि ती बराच वेळ दिसत राहते. मला ते मोकळं रान आवडलं.

अमरावतीत जावयानं मला गिलावडा खाऊ घातला. उडदाचा वडा, वरून ताक-दही, चटणी, मसाला. नाव ऐकून मी नाक मुरडलं होतं, दुसरी प्लेट मीच मागितली. कोथिंबिरीला इथं सांभार म्हणतात, त्यामुळं बाजारात जावयानं सांभार मागितला आणि भाजीवाल्यानं जुडी दिली तेव्हा मी उगीच त्याच्याशी वाद घालत होतो.

शुभांगीचा दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत माझी जागा ठरली, आणि माझ्यावर बंदी अशी की पेशंटशी हवापाण्याखेरीज बोलायचं नाही. मी हवापाण्याचंच बोलायचो, पण बोलता बोलता 'डॉक्टरीणबाई माझी मुलगी' हे यायचंच. त्याला बंदी नव्हती.

तीन आठवड्यांनी विनोद तपासायला आला, अंधार पडल्यावर, कुणी ओळखू नये म्हणून. भावानं जीपच्या मागच्या सीटवर पालथा घालून आणला होता. शुभांगीनं जखम बघितली, खूष झाली. मग त्याचे हात बघितले. दोन्ही कोपरं सोलवटून लाल झाली होती.

'हे काय?'

'पालथा पडून हाय न जी तेव्हापासून. रेखा उठूच देत नाही.'

'पालथं पडायला कुणी सांगितलं होतं? मी तर सांगितलं होतं, हिंडा-फिरा, बसा.'

रेखानं माझ्याकडं बघितलं. विनोदनं माझ्याकडं बघितलं. शेवटी शुभांगीनंही माझ्याकडं बघितलं. शामराव ड्रायव्हर कोल्हापुरात सुखानं नातवंडं खेळवत असेल, पण इथं वऱ्हाडात त्यानं एका माणसाला खाटेवर पालथं निजवलं होतं.

शुभांगीनं खुर्ची पुढं केली. 'बसा आता. माझ्यासमोर.'

तो वाकला. अर्ध्यावर आला. हात खुर्चीच्या दांड्यावर टेकले, आणि तो पुन्हा ताठ उभा राहिला. दुखतंय का, तर नाही. मग? 'माहीत नाही मॅडम. बसवतच नाही.' वर्षभर त्या जागेनं त्याला इतका त्रास दिला होता की जखम भरली तरी भीती भरली नव्हती.

घरी शुभांगी जेवली नाही नीट. 'याच्यावर माझ्याकडं ऑपरेशन नाही, आप्पा,' म्हणाली. स्पर्धा चार दिवसांवर आली होती. मला तिचं तोंड बघवेना. मी माझ्या तोंडाला कधी नव्हे इतक्या शिव्या दिल्या.

तिवश्याच्या अलीकडं

विनोदच्या काकाच्या शेतात रोडग्याचं जेवण होतं आणि त्यानं मला बोलावलं. 'ओळखीचे काकाजी' म्हणून. गावात अजून कुणाला ऑपरेशनचा पत्ता नव्हता; इतके दिवस तो बाहेरगावी होता, असंच घरच्यांनी सांगितलं होतं. काळीपिवळी भाऊ चालवत होता आणि विनोद मागच्या फळीवर, शिडीला धरून लटकलेला. लटकणाऱ्या पॅसेंजरला मी जन्मभर आत ओढलं, इथं गप्प बघत बसलो.

रोडगे म्हणजे कणकेचे घडीचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतात पंगत बसली. मंडळाचे म्होरके नामदेवराव, पिकल्या मिशांचे, माझ्यासाठी पोतं झटकून म्हणाले, 'या काकाजी, बसा न.' विनोद वरणाची बादली घेऊन वाढत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर हा गडी प्रत्येक पंगतीत वाढायलाच उभा राहत असणार. वाढणाऱ्याला कोण बस म्हणतो?

आणि वऱ्हाडात पाहुणा उभा असेल तर घास कोण तोंडात घालतो?

'मी बसतो,' म्हटलं, 'पण विनोद माझ्या शेजारी बसला तर.'

'तुमी बसा काकाजी, मी वाढतो,' विनोद म्हणाला.

'मग मीही उभाच आहे.'

नामदेवरावांना वाटलं थट्टा आहे. सगळे हसले. मी हसलो नाही. पत्रावळीवर तूप थिजायला लागलं, रोडग्यांची वाफ गेली, आणि पंगतीतला एकही हात खाली गेला नाही. 'बसा न जी', 'बसा हो', 'बसा काकाजी', चारी बाजूंनी सुरू झालं. मी म्हटलं, घाटात भरलेल्या गाडीत मी उभा राहिलेलो आहे, मला सवय आहे, तुमचं चालू द्या. शेवटी नामदेवराव विनोदवर उखडले. 'अबे विन्या, पाहुणा उभा हाय अन् तू काय बादली धरून राहिला? बस न बे. येवढा कायचा ताठा आला तुले?'

विनोदचं तोंड पडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हळू आवाजात म्हटलं, 'शामरावची जखम मुठीएवढी होती. तुझी करंगळीच्या पेराएवढी. आणि ती भरली. मी चुकीचं सांगितलं होतं तुला. डॉक्टरीण बरोबर होती.'

त्यानं बादली खाली ठेवली. एक गुडघा टेकला. दुसरा टेकला. डोळे गच्च मिटून तो मांडी घालून खाली आला आणि तसाच थांबला, कळ येण्याची वाट बघत. कळ आली नाही. त्यानं डोळे उघडले, मग जरा डावीकडं कलून बघितलं, मग उजवीकडं. मग रोडगा उचलला. तुपाचं भांडं घेऊन उभी असलेली रेखा पदरानं डोळे पुसायला लागली आणि नामदेवराव म्हणाले, 'आता इले काय झालं व?'

मी बसलो. जेवलो दाबून. आणि उठायची वेळ आली तेव्हा उठताच येईना. इतका वेळ अकडून उभा राहिल्यानं गुडघे रुसले होते. दोघांनी काखेत धरून उभं केलं, त्यातला एक विनोद होता.

मोझरी

मोझरीला आश्रमाच्या परिसरात एक शांतपणा आहे, तो मोठ्या गर्दीतही टिकतो. लोक येतात, सतरंजीवर बसतात, कुणी कुणाला ढकलत नाही. आमच्याकडं एवढ्या माणसांत एव्हाना दोन भांडणं झाली असती, हे कबूल करायला हवं. मंडळांमागून मंडळं येत होती. शुभांगी दवाखाना उरकून आली आणि बायकांमध्ये पुढं जाऊन बसली. मी मागं, खांबापाशी.

विनोदचं मंडळ आलं. नामदेवरावांच्या हातात खंजिरी, आणि पेटीमागं विनोद, पांढरा सदरा, मांडी घातलेली. पहिल्या सुरापासून मी गाणं ऐकलंच नाही, त्याच्या मांडीकडं बघत होतो. खंजिरीची लय चढत गेली, बसल्या बसल्या सगळे डोलायला लागले, तोही डोलला. एकदाही त्यानं अंग चोरलं नाही. भजन संपलं तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता, हिवाळा असून.

पहिला नंबर आला नाही. तिसरा आला. नामदेवराव दोन शब्द बोलले आणि माइक खाली ठेवणार, तेवढ्यात विनोदनं तो घेतला. बसूनच.

'मी वर्षभर कोणाच्या घरी बसलो नाही,' तो म्हणाला. 'लोक म्हणे ताठा आला. ताठा नोता जी. बुडाले रोग झाला होता. केसाचा. अन् मले लाज वाटे सांगाची.' मंडपात हसू पसरलं, तोही हसला. 'आमी ड्रायव्हर लोकांले होते हे. मी मोठ्या ऑपरेशनले भेलो होतो, मॅडमनं येवढुशात केलं. मोठं लागन त्याले त्या मोठं सांगते, खोटं नाही बोलत. त्या तिथं बसून हायेत. लाजू नका, एवढंच म्हणतो.'

शुभांगीनं तोंड ओंजळीत लपवलं. तिसरीत तिला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही असंच लपवलं होतं. आजूबाजूला टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नसतं, नाहीतर सांगितलं असतं, ती माझी मुलगी.

सतरंजीवर भरपूर जागा होती, तरी माझ्या मागच्या बाजूला काही माणसं उभी होती. त्यांतला एक हळूच माझ्याजवळ सरकला.

'काकाजी, त्या मॅडम ओळखीच्या हायेत का तुमच्या?'

मी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. 'आधी बसा की.'

'नाही जी, ठीक हाय.'

'गाडी कुठली चालवता?'

तो गडबडला. 'ट्रक हाय जी. संत्र्याचा.'

'माझी मुलगी आहे ती,' मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला. बसलेल्या माणसांमधून वाट काढत निघालो. कितीतरी वर्षांनी तोंडातून आपोआप यायला लागलं, 'चला, जरा सरका, पुढं जाऊ द्या, पुढं जाऊ द्या.' लोक सरकत होते. शुभांगीनं आवाजानं मान वळवली. मला बघितलं, माझ्या मागच्या माणसाला बघितलं, आणि सगळा मंडप बसलेला असताना ती उठून उभी राहिली.